शाकारलेली गाडी

"ॲव्हरेज काय देते?" हा प्रश्न पहिल्यांदा ज्याच्या तोंडातून निघाला, त्या माणसाला मला एकदा भेटायचंय. गाडी कुठलीही असो, समोर येऊन उभी राहिली की आपल्या लोकांना दुसरं काही सुचतच नाही. मुलगी बघायला जावं आणि पहिल्या झटक्यात विचारावं, जेवते किती? तसलाच हा प्रकार. मिस्त्रींच्या गाडीसमोर मी हा प्रश्न किती जणांच्या तोंडून ऐकला त्याची गणतीच नाही, आणि दर वेळी मिस्त्रींचा चेहरा कसा व्हायचा तेही पाहिलंय. आधी कान लाल व्हायचे. मग ते खिशातून फडकं काढून, जिथे धूळ नाही तिथली धूळ पुसायला लागायचे.

एकदा आमच्या कारखान्याचे नवे मॅनेजर त्यांच्या तावडीत सापडले. कोळगावला जिल्ह्याच्या मुख्यालयात साहेबांना सुनावणीला जायचं होतं आणि कंपनीची जीप ऐन वेळी बसली. कुणीतरी म्हणालं, मिस्त्रींची गाडी आहे ना. मिस्त्री तयार झाले, साहेब मागे बसले. बोईसरच्या बाहेर पडल्यावर साहेबांना गप्पा मारायची हुक्की आली आणि उमरोळीच्या अलीकडे त्यांनी तो प्रश्न विचारला. मिस्त्रींनी गाडी बाजूला घेतली, उतरून मागचं दार उघडलं आणि म्हणाले, "उतरा, सायेब."

साहेबांना वाटलं, पोहोचलो. भर उन्हात, टाय लावून, फायली छातीशी धरून ते उतरले.

"ही तुमाला परवडनार नाय. मागनं रिक्षा येतेय, तिला इचारा एवरेज."

आणि गेले की निघून! दुसऱ्या दिवशी मेमो आला. मिस्त्रींनी तो वाचला, दोन बोटांत धरून कागद जाड आहे हे पाहिलं आणि त्यावर पंपाच्या गॅस्केटचा साचा आखून कापून घेतला. तो साचा वर्कशॉपच्या खिळ्याला कितीतरी वर्षं लटकत होता. त्यावर साहेबांची अर्धी सही दिसायची.

मिस्त्री म्हणजे तारापूर एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याचे मेंटेनन्स फिटर. त्यांचं नाव पगाराच्या कागदावर असेल. बाकी गेटपासून कँटीनपर्यंत सगळ्यांना ते मिस्त्रीच. मूळचे नवापूरचे, समुद्रावरचे. बाप, भाऊ, पुतणे सगळे बोटीवर; हे एकटेच आयटीआय करून लोखंडाच्या नादी लागले. मी सांगलीकडची. लग्न होऊन बोईसरला आले आणि याच कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून लागले. लॅबचा व्हॅक्युम पंप रडायला लागला की मिस्त्री यायचे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपावर, मूठ कानावर, डोळे बंद. आम्ही काही सांगायला लागलो की हात वर करायचे. "आदी ऐक. मंग बोल." हे त्यांचं पंपांबद्दल होतं, माणसांबद्दल होतं, आणि सगळ्यात जास्त त्या गाडीबद्दल होतं.

आता गाडीबद्दल. ती बनवणारी कंपनी परदेशातली. आपल्याकडे आली, थोडे दिवस गाड्या विकल्या, गाशा गुंडाळून गेली. पुढे तिकडेही बुडाली. आज जगाच्या पाठीवर त्या नावाची नवी गाडी बनत नाही. मी ते नाव इथे लिहीत नाही, कारण मिस्त्रींची तशी सक्त ताकीद होती. "मेलेल्याचं नाव सारकं घेव नये, बाय. तो उगाच वलून बगतो."

दिसायला तशी साधी. चार दारं, मागे डिकी, राखाडी रंग. निवृत्त हेडमास्तरांनी बायकोला देवळात नेण्यासाठी घ्यावी अशी. पण बॉनेटखाली टर्बोचं इंजिन होतं आणि त्या कंपनीने या जातीच्या मोजक्याच गाड्या काढल्या होत्या. आपल्या देशात तर त्याहून कमी आल्या. त्यातली एक इथल्या एका कारखानदाराने हौसेने घेतली. गिअरबॉक्स गेला, सुटे भाग मिळेनात, हौस फिटली. गाडी कारखान्याच्या मागे आंब्याखाली पडली आणि टपावर बकऱ्या झोपायला लागल्या. मिस्त्री तिथे बॉयलरच्या कामाला गेले होते. त्यांनी बकऱ्या हाकलल्या आणि मालकाला विचारलं, ही मला देता? मालक म्हणाला, घेऊन जा बाबा, जागा तरी मोकळी होईल. सगळे कागद रीतसर नावावर करून घेतले. पुढची तीन वर्षं मिस्त्री त्या गाडीखाली आडवे होते. जो भाग मिळाला नाही तो लेथवर बनवला. काचा वर-खाली करायची तार तुटली, तिथे जाळ्याची नायलॉनची दोरी ओवली. ती दोरी शेवटपर्यंत तुटली नाही.

ती बघायची पण एक रीत होती. कुणी बघायला आला की त्याने आधी पाच पावलांवर उभं राहायचं. हात मागे. बोलायचं नाही. मग मिस्त्री बॉनेट न उघडताच इंजिन चालू करायचे आणि म्हणायचे, "डोले मीट." मला वाटायचं, काय हा मेला तमाशा! पण मी पहिल्यांदा डोळे मिटले तेव्हा आधी नुसती घरघर ऐकू आली, आणि मग त्यांनी पाय जरासा दाबल्यावर तिच्या आतून एक बारीक शीळ वर चढत गेली. अंगावर काटा आला. मी सातवीत असताना गावच्या शर्यतीत घोडी सुटायच्या आधी जसं व्हायचं, तसंच झालं. डोळे उघडले तर मिस्त्री माझ्याकडे बघत होते, परीक्षेचा पेपर तपासावा तसे. म्हणाले, "पास."

एकदा मुंबईहून एक तरुण माणूस आला होता. कुठून पत्ता काढला देव जाणे. मिस्त्री दाराशी उभे राहिले, तो आता विचारील, मग विचारील म्हणून. तो पंचवीस मिनिटं गाडीभोवती फिरला आणि शेवटी म्हणाला, "मी हिचे फक्त फोटो पाहिले होते." एवढंच. मिस्त्रींनी त्याला गाडीत घातला आणि थेट एडवणच्या समुद्रावर नेऊन आणला. परत आल्याआल्या त्याने गाडीची मागणी घातली. मिस्त्री हसले. "तू बगायला येत जा. तुला बगता येतं."

आणखी एक. लांबून आल्यावर ते इंजिन कधी लगेच बंद करायचे नाहीत. गाडी जागेवर लावून, स्टिअरिंगवर हात ठेवून दोन मिनिटं तसेच बसायचे. लोकांना वाटायचं, डुलकी लागली. मी विचारलं तर म्हणाले, "पलून आलेल्या मानसाला एकदम खाली बसवतात का? टर्बोचा दम उतरू दे." दोन म्हणजे दोन मिनिटं. घड्याळ लावून.

गाडी नवापूरला ठेवायची सोय नव्हती. गल्ल्या अरुंद, आणि खारा वारा लोखंड खातो. म्हणून ती आमच्या बोईसरच्या बिल्डिंगच्या आवारात, मागच्या भिंतीजवळ उभी असायची. बिल्डिंगच्या मूळ मालकाच्या गिरणीची मोटर मिस्त्री फुकट दुरुस्त करायचे, त्याने तोंडी जागा दिली होती. पण आमच्याकडे खारा वारा नसला तरी कारखान्यांचा धूर आहे. आमच्या खिडकीचे गज दोन वर्षांत पापुद्रे सोडतात. त्यावर मिस्त्रींनी काय करावं? बोटीला फासतात ते माशाचं तेल त्यांनी गाडीच्या पोटाला फासलं! दर वर्षी दोन हात. "लाकडाला चालतं ते लोकंडाला का नाय?"

आता या तेलाचा वास. तो लिहून सांगता येत नाही, भोगावा लागतो. बोईसरची सगळी मांजरं आमच्या आवारात राहायला आली. गाडी तापली की तळणीचा वास सुटायचा. आणि आमच्या सासूबाई, ज्यांना मी आमच्याकडच्या रीतीने आत्या म्हणते, त्या गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या, अंड्याचं नाव काढलं तरी चूळ भरणाऱ्या. आमची खिडकी नेमकी त्या भिंतीवर. आत्या पदर नाकाला लावून गरजायच्या, "त्या मुडद्याला सांग गं, गाडी हाय का बांगडा?" मी सांगायची. मिस्त्री ऐकून घ्यायचे आणि आत्यांना खिडकीत पाहून हात जोडायचे. "आजीबाय, गंज परवडत नाय. वास परवडतो."

आणि मग पावसाळा. नवापूरला पावसाच्या आधी बोटी वर ओढतात, ओंडक्यांवर चढवतात आणि नारळाच्या झावळ्यांनी बंद करतात. त्याला शाकारणं म्हणतात. नारळी पुनवेपर्यंत बोट झोपलेली. मिस्त्रींनी गाडीलाही तोच कायदा लावला. मृग लागायच्या आत गाडी चार ओंडक्यांवर, बॅटरी सोडवलेली, वर विणलेल्या झावळ्या, सुतळीने आवळलेल्या. एकदा शाकारली की ते तिच्याकडे फिरकायचेही नाहीत. "निजलेल्याला सारकं सारकं उटवून इचारतात का, निजला का म्हनून?" नारळी पुनवेला मात्र पांढरा सदरा, डोक्यावर लाल टोपी, हातात नारळ आणि झेंडूचा हार घेऊन सकाळी हजर. झावळ्या काढायच्या, बॉनेटला नारळ दाखवायचा, गाडी खाली घ्यायची आणि नवापूरपर्यंत चालवत न्यायची. तिथे पुतण्यांच्या बोटींच्या रांगेशेजारी गाडी उभी करून सगळ्यांची पूजा एकदम. पोरं हसायची. मिस्त्री हसायचे नाहीत.

हा कायदा त्यांनी एकदाच मोडला.

आषाढातली गोष्ट. चार वर्षं झाली. दुपारी धो धो पाऊस, लोकल बंद, आणि हवेत त्या दिवशी कुठल्या तरी कारखान्याचा असा काही उग्र वास कोंडला होता की माझेच डोळे चुरचुरत होते. आत्यांना दमा. पंप मारला, वाफ दिली, काही उपयोग होईना. ओठ निळसर दिसायला लागले. नवरा ड्युटीवर. ॲम्ब्युलन्सला फोन केला, निघालीय म्हणाले. दहा मिनिटांनी निघालीय. वीस मिनिटांनीही निघालीय. मी तशीच अनवाणी खाली पळाले, एखादी रिक्षा मिळेल म्हणून. रस्त्यावर गुडघाभर पाणी आणि मिस्त्री पहिली पाळी संपवून टपरीखाली नवापूरच्या टमटमची वाट बघत उभे.

मी नीट सांगितलंही नाही. "आत्या" एवढंच म्हणाले.

मिस्त्रींनी झावळ्यांची सुतळी सोडली नाही, दातांनी तोडली. वॉचमन आणि दोन रिक्षावाल्यांना हाताशी धरून दहा मिनिटांत गाडी ओंडक्यांवरून उतरवली, बॅटरी जोडली. आत्यांना मागच्या सीटवर माझ्या मांडीवर आडवं घातलं आणि ती गाडी निघाली. मी आजवर अशी बसले नाही आणि पुन्हा बसायची नाही. पाणी दोन्ही बाजूंनी टपाच्या वर उडत होतं. वळणावर मी डोळे मिटायची, पण गाडी कशी ती ढळली नाही. ती शीळ सारखी चढत होती, उतरत होती, आणि आत तळलेल्या मासळीचा घमघमाट. आत्यांनी पदर नाकाला लावला नाही. त्या तो वास छातीत ओढून घ्यायचा प्रयत्न करत होत्या, कारण वास असो नसो, हवा हवी होती. पालघरच्या हॉस्पिटलच्या दारात मिस्त्रींनी गाडी थांबवली आणि त्याच क्षणी किल्ली फिरवून बंद केली. दोन मिनिटं नाहीत, काही नाहीत. आत्यांना दोन हातांवर उचलून ते आत धावले.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. संध्याकाळी मी बाहेर आले तर मिस्त्री पावसात बॉनेटवर तळहात ठेवून उभे होते. कुणाशी तरी बोलत होते. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. "चुकलो. पुना नाय करनार. आज घाई होती."

त्यानंतर आत्यांनी वासाबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट नवी भाडेकरीण नाक मुरडायला लागली तर आत्या तिच्या अंगावर धावून जायच्या. "तुमाला काय कळतंय त्यातलं? औषध हाय ते!" दर नारळी पुनवेला स्वतःच्या हातचा नारळीभात मिस्त्रींना डब्यातून. मिस्त्री तो गाडीत बसून खायचे.

हे सगळं मी सांगतेय ते लोकांना माहीत नव्हतं असं नाही. आमच्या बिल्डिंगला सगळं माहीत होतं. मग बिल्डिंगचा मालक वारला, सोसायटी झाली, आणि एक सेक्रेटरी निवडून आले. टापटिपीचे फार भोक्ते. यांना आवारात मांजरं नकोत, दोऱ्यांवर कपडे नकोत आणि मागच्या भिंतीजवळ ती वस्तू नको. मिस्त्रींना रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. गाडीचे सगळे कागद चोख, नूतनीकरण झालेलं. एक फोन केला असता तर मिस्त्रींनी ते समोर टाकले असते. पण गेल्या पावसाळ्यात सेक्रेटरींनी ओंडक्यांवरची, झावळ्यांखालची गाडी पाहिली आणि कागदावर शब्द लिहिला, बेवारस. बेवारस! अहो, किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोराला विचारा. पावसात शाकारलेली बोट मेलेली असते का? जिला कुणी नसतं ती उघडी पडते. झाकतो तो मालकच झाकतो ना? पण आम्ही पडलो बाहेरून आलेले. कुणी सांगलीचे, कुणी जळगावचे, कुणी नांदेडचे. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर आणि आम्हाला तो फक्त रविवारी भेळ खायला माहीत.

सात दिवसांची नोटीस काढली. ती चिकटवली कुठे? झावळ्यांवर! मुसळधार पावसात! दुसऱ्या दिवशी तिचा लगदा झाला. आठव्या दिवशी भंगारवाल्याचा टेम्पो आला, साखळी बांधली आणि गाडी ओढून नेली. कागद नाही, किल्ली नाही, विचारपूस नाही. मी ड्युटीवर होते. संध्याकाळी आले तर भिंतीजवळ चार ओंडके, आणि मांजरं त्यांच्याभोवती फिरतायत.

मी काय आकांडतांडव केलं म्हणता! सेक्रेटरींच्या दारात उभी राहून सगळी बिल्डिंग गोळा केली. लाज वाटते का म्हटलं, जनाची नाही तर मनाची. चोर आहात म्हटलं. ते शांतपणे आत गेले, रजिस्टर घेऊन आले आणि पान उघडून माझ्यासमोर धरलं. 'मागील भिंतीजवळील बेवारस वाहन हटविण्यास आमची संमती आहे.' खाली सोळा सह्या. नववी माझी.

वॉचमन दर आठवड्याला रजिस्टर घेऊन फिरतो. कधी टाकी धुवायची, कधी पेस्ट कंट्रोल. "मॅडम, साइन." मी एका हाताने कुलूप लावत, दुसऱ्या हाताने सही करते आणि कंपनीच्या बससाठी पळते. लॅबमध्ये मी एक आकडा तीनदा तपासल्याशिवाय सही करत नाही. मिस्त्रीच मला म्हणायचे, "तुजी सई म्हंजे सई." आणि घरच्या दारात मी वाचलंसुद्धा नव्हतं. मी रजिस्टर मिटून सेक्रेटरींच्या हातात परत दिलं. सगळे आपापल्या घरात गेले.

तिसऱ्या दिवशी रजा टाकून भंगारवाल्याकडे गेले. "कट गया, मॅडम," तो म्हणाला. मी तिथेच एका टायरवर बसले. त्याला काय वाटलं कोण जाणे, पाणी आणून दिलं. मग आपणहून म्हणाला, "एक बात बोलूँ? इतनी पुरानी गाडी, पर नीचे का लोहा एकदम नया था. जंग का एक दाग नहीं. बस तेल की बू बहुत थी."

बोईसरहून नवापूर असं कितीसं लांब? टमटम आहे, रिक्षा आहे. मिस्त्रींचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. नारळी पुनवेला दहा दिवस होते. दहाही दिवस मी तो नंबर काढायची आणि ठेवून द्यायची. सेक्रेटरींवर तोंड टाकायला मी पुढे, आणि ज्याला सांगायचं त्याला सांगायची हिंमत नाही. ही माझी मर्दुमकी. आत्या तेव्हा सांगलीला थोरल्या दिरांकडे होत्या, त्यांनाही सांगितलं नाही.

पुनवेच्या सकाळी मिस्त्री आले. पांढरा सदरा, लाल टोपी, नारळ, हार. मी जिन्यातच थांबले होते. ते मागच्या भिंतीपाशी गेले आणि पाच पावलांवर उभे राहिले. हात मागे. नेहमीसारखे. 

मी जवळ जाऊन सगळं सांगितलं. सेक्रेटरी, नोटीस, टेम्पो, सगळं घडाघडा, शिव्यांसकट. आणि म्हटलं, "मिस्त्री, चला पोलिसात. तुमचे कागद चोख आहेत. मी येते साक्षीला. या सगळ्यांना कोर्टात खेचू."

"कोनी चालू करून बगली?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"नेयाच्या आदी. एकदा तरी कोनी चालू करून ऐकली?"

"नाही. साखळी बांधून ओढली."

"मंग त्यांना काय म्हाईत," ते म्हणाले.

मी पुन्हा पोलिसांचं काढलं. तेव्हा ते माझ्याकडे वळले. "बाय, तो वाचमन मला येताना भेटला. त्यानं वही दावली. सोला सया हाईत. त्यात तुजी हाय. मी जाऊन काय लिवू? तुज्यावर तक्रार लिवू?"

मला रडू आलं. चांगलं धाय मोकलून रडले, आवारात, सगळ्यांच्या खिडक्यांसमोर. "मी वाचलं नव्हतं हो, मिस्त्री," म्हटलं. ते म्हणाले, "ठावं हाय. वाचून तू केली नसती." ते रागावले असते, दोन शिव्या घातल्या असत्या तर मला आज हे लिहावं लागलं नसतं.

काहीतरी द्यावं म्हणून मी त्यांना भंगारवाला काय म्हणाला ते सांगितलं. खालचं लोखंड एकदम नवं होतं, गंजाचा एक डाग नव्हता. तेव्हा मात्र ते हसले. "बोललेलो ना मी? बोललेलो ना?" दोनदा म्हणाले. मग नारळ माझ्या हातात दिला. "फोडू कुटं? तू ने. आजीबायला सांग, नारलीभात कर म्हनून."

जाताना गाडीने जायचं म्हणून आले होते, ते नाक्यावरून टमटमने गेले. टमटम भरलेली, ड्रायव्हरच्या शेजारी अर्धं अंग बाहेर. हार हातातच राहिला होता. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं आणि मिस्त्रींनी सवयीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "थांब. आदी ऐक. इंजिनचा ठोका चुकतो तुज्या." ड्रायव्हरने ऐकलं नाही. गेले.

सेक्रेटरींनी त्या जागेवर आता कुंड्या मांडल्यात. जमिनीत मुरलेलं तेल जावं म्हणून दोनदा ॲसिडने घासून घेतलं. एक मांजर अजून येऊन कुंड्यांच्या मधे बसतं.

पुनवेच्या रात्रीच मी आत्यांना फोन केला आणि सगळं सांगितलं. माझी सहीसुद्धा. मला वाटलं होतं, त्या मला फाडून खातील. मी वाट बघत होते. पलीकडून श्वासाचा आवाज येत होता, दम्याच्या माणसाचा, ओढून घेतलेला. शेवटी म्हणाल्या, "बरं झालं की. आता खिडकी उघडलीस तर वास येत नसंल न्हवं?"

"येतो, आत्या," मी म्हटलं.

त्यांनी फोन ठेवून दिला होता.